ज्याला जायचंय, त्यानं बटाटे सोलायचे

तिचं नाव झुनिल्दा आरान्सिबिया, पण लास पिर्कास गावापासून वर लॉस ओर्नितोसच्या खाणीपर्यंत त्या नावानं तिला कुणी ओळखत नव्हतं. तोंडावर सगळे ‘दोन्या झुनिल्दा’, म्हणजे झुनिल्दाबाई, म्हणत आणि पाठ फिरली की ‘दोन्या नाही’. तिला ते ठाऊक होतं. खाणीतल्या एका गड्यानं एकदा चुकून तोंडावरच ‘दोन्या नाही’ म्हटलं आणि जीभ चावली. ती म्हणाली, “जीभ कशाला चावतोस, लागेल ती जेवताना. आत जा आणि बटाटे सोल.”

बटाट्यांचं काय ते पुढं येईलच.

ती राहायची ते रस्त्याच्या खात्याचं दगडी घर, दोन खोल्यांचं, पत्र्यावर धोंडे ठेवलेलं. गावातून निघालं की स्कीवर सहा तास चढायचं, मग ते घर लागायचं. घराच्या पुढं लगेच घळ. घळ ओलांडली की तीन तासांत खाण. उन्हाळ्यात त्या घळीतून खेचरं शिट्टी ऐकत जायची, पोरं धावत जायची, मोजून चारशे पावलं. हिवाळ्यात त्याच चारशे पावलांसाठी धडधाकट माणसं त्या घरात चार-चार दिवस बसून राहायची. बाकीच्या घळी बर्फ सोडायच्या आधी थोडं तरी कुरकुरतात, एखादी भेग दाखवतात. ही काही बोलत नसे. म्हणून तिचं नाव ला मुदा, मुकी.

झुनिल्दाचा नवरा आब्दोन हा त्या घराचा पहिला राखणदार. बर्फ बघण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हतं. पण एका जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, त्याची तंबाखू संपली. दोन दिवस त्यानं कळ काढली, तिसऱ्या दिवशी बाहेर जाऊन खड्डा खणला, बर्फ पाहिलं आणि म्हणाला, “ठीक आहे, जाऊन येतो.” खाणीच्या दुकानात तंबाखू होती. तो ऑक्टोबरात सापडला.

झुनिल्दा त्या खड्ड्यापाशी गेली होती, त्याच दिवशी. आब्दोननं जे पाहिलं तेच तिनं पाहिलं, आणि तिला ते मुळीच ठीक दिसलं नाही. मला तिनं एकदाच सांगितलं ते: “त्यानं बर्फ पाहिलं नाही रे. त्यानं तंबाखू पाहिली.”

तेव्हापासून त्या घराचा एक शिरस्ता झाला. ज्याला पलीकडं जायचंय त्यानं बर्फ बघायचं नाही. त्यानं आत बसायचं, खिडकीकडं पाठ करून, आणि बटाटे सोलायचे. बर्फ ज्याला कुठंच जायचं नाही त्यानं बघायचं. आणि त्या घरात कुठंच जायचं नसलेलं माणूस एकच होतं. रस्त्याच्या खात्यानं आब्दोनच्या जागी कुणाला पाठवलंच नाही. वर्षानुवर्षं पत्रं यायची ती ‘श्रीयुत आरान्सिबिया’ या नावानं, आणि ती त्यावर सही करायची.

तिची बघायची रीत अशी. जमिनीपर्यंत खड्डा खणायचा, एक भिंत फावड्यानं सरळ तासायची आणि वरून खाली हात लावत यायचं. मूठ शिरली तर थर मऊ. नाहीतर चार बोटं, नाहीतर एक बोट, नाहीतर पेन्सिल, नाहीतर सुरी. वर सुरीचा थर आणि खाली मुठीचा, तर तिचा चेहरा उतरायचा. तळाशी जाड साखरेसारखे दाणे असले, हातात घेतले की गोळा न होता ओघळणारे, तर ती म्हणायची, “कपाट गोट्यांवर उभं आहे.” मग भिंतीतून एक खांब मोकळा करायचा, त्यावर फावडं ठेवून वरून थापट्या मारायच्या आणि किती थापट्यांना घसरतो ते मोजायचं. मग आत येऊन एकच शब्द. हो किंवा नाही. जास्त करून नाही.

एकदा पाद्री आले होते, सान लोरेन्सोच्या सणाला, खाणीत प्रार्थना सांगायला. ऑगस्टची दहा तारीख, खाणवाल्यांचा मोठा दिवस. झुनिल्दा म्हणाली, नाही. पाद्री म्हणाले, “बाई, मी देवाच्या कामाला चाललोय.”

“म्हणून तर, फादर. तुम्हाला सगळ्यांपेक्षा जास्त जायचंय. ही घ्या सुरी.”

तीन दिवस पाद्रींनी बटाटे सोलले. साल इतकी जाड काढायचे की ती मागून म्हणायची, “फादर, थोडा बटाटा आपल्यालाही ठेवा.” सण गेला, तेव्हा कुठं वाट मिळाली. त्या तीन दिवसांत ला मुदातून भुरभुरसुद्धा पडलं नाही. खाणीतले लोक वर्षभर हसले.

तेच तिचं दुखणं होतं, म्हणजे मला ते नंतर कळलं. ती नाही म्हणाली आणि काही पडलं नाही, तर लोक म्हणत, बघा, उगाच अडकवून ठेवलं. नाही म्हणाली आणि पडलं, तर म्हणत, बघा, आम्ही थांबलो म्हणून वाचलो. दोन्हीत तिचं नाव कुठं नाही. तेवीस हिवाळ्यांत तिच्या शब्दावर गेलेला एकही माणूस मेला नाही. पण न मेलेली माणसं कुणी मोजत नाही, ती तर बाजारात हिंडत असतात. डिसेंबरात ती गावात उतरायची, तेव्हा चौकातल्या बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी असायची. वाईट कुणी बोलत नसे. एवढंच, की प्रत्येकाचा एखादा सण, एखादं लग्न, एखादी भेट तिच्याकडं अडकून राहिलेली होती.

तिच्या सख्ख्या बहिणीचंही.

धाकटी अमेलिंदा लॉस ओर्नितोसला दिलेली होती, खाणीचा मुकादम उर्बानो याला. या दोघींची आई लास पिर्कासला वारली तेव्हा अमेलिंदानं खाणीतून टेलिफोन केला. हो, त्या घरात टेलिफोन होता, खाणीचा, भिंतीवरचा, दांडा फिरवायचा. तार घळीच्या पार वरून कड्यावरून गेलेली, म्हणून टिकून होती. अमेलिंदानं विचारलं, येऊ का. झुनिल्दानं बर्फ पाहिलं आणि सांगितलं, नाही. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, परत नाही. आईला पुरलं. ला मुदा त्या आठवड्यात हललीसुद्धा नाही. अमेलिंदानं त्यानंतर बहिणीशी बोलणं सोडलं. उर्बानो दर आठवड्याला टेलिफोन करायचा, पण तो मुकादम म्हणून: “दोन्या झुनिल्दा, गडी पाठवू का?” “नाही.” “बरं.” नऊ वर्षं हेच.

मी तेव्हा टपाल न्यायचो. सत्तावीस वर्षांचा होतो आणि माझा सहावा हिवाळा. रात्रीचा मुक्काम तिच्याकडं, पहाटे ऊन पडायच्या आत घळ पार. तिला खड्ड्याजवळ माझी सोबत चालायची. मला हात लावू द्यायची, पण तोंडातून शब्द काढू द्यायची नाही. “तुला टपाल न्यायचंय. तू शीक, बोलू नकोस.”

त्या ऑगस्टात मी वर पोचलो तो पश्चिमेचा वारा घेऊनच. दोन दिवस त्यानं पलीकडच्या उतारावरचं सगळं बर्फ उचलून आमच्या बाजूला आणून टाकलं. दार उघडायला खिडकीतून बाहेर पडून फावडं मारावं लागलं. तिसऱ्या सकाळी वारा पडला, आणि टेलिफोन वाजला. त्यातून येणारा आवाज इतका मोठा असायचा की खोलीत सगळ्यांना ऐकू यायचा.

“झुनिल्दा, मी उर्बानो.”

नुसतं झुनिल्दा. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तिच्याही ते ध्यानात आलं.

“बोल.”

“अमेलिंदाला छातीचं झालंय. ताप उतरत नाही. तुझं नाव घेते.”

“शुद्धीत घेते की तापात?”

तो म्हणाला, “दोन्हीत.”

तिनं टेलिफोन ठेवला. कोपऱ्यातले बूट काढले, चरबी घेतली आणि दोन्ही बुटांना चोळून चोळून लावली. मग फावडं उचललं, दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. मला वाटलं, काही विसरली.

“निकानोर, तुला आज पलीकडं जायचंय का?”

“टपाल आहे ना, दोन्या.”

“टपालाचं नाही विचारलं. तुला जायचंय का?”

मला कळायला जरा वेळ लागला. पिशवीत खाणवाल्यांची पत्रं होती, शिवणयंत्राची एक सुई होती, आणि ओर्नितोसच्या भटारखान्यात एक मुलगी होती, तिचं नाव इथं सांगत नाही, ती आत्ता शेजारच्या खोलीत विणत बसलीय. म्हणजे मला जायचं होतंच. पण मी पिशवी खुंटीला लावली आणि म्हणालो, “नाही. मी थांबतो. तुम्ही म्हणाल तोवर थांबतो.”

“शपथ?”

“शपथ.”

तिनं फावडं माझ्या हातात दिलं. मग बटाट्यांचं पोतं ओढलं, खिडकीकडं पाठ केली आणि बसली.

पहिल्या दिवशी काही अवघड नव्हतं. खांब कापून होतोय न होतोय तोच आपोआप घसरून माझ्या पायांवर आला. मी आत जाऊन म्हणालो, “नाही.”

“बरं,” ती म्हणाली. मग मी दांडा फिरवून उर्बानोला सांगितलं, कारण ते सांगायचं कामही ज्यानं खणलं त्याचं. तो म्हणाला, “निकानोर, तू सांगतोयस?” मी म्हणालो, “हो, मीच.” त्यानं टेलिफोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी खांबानं थापट्या बऱ्याच सोसल्या, पण मी परत येताना चढावर पाऊल टाकलं आणि पायाखालून हुम्म् असा आवाज आला, जसं एखादं मोठं जनावर झोपेत कूस बदलतं. तो आतला थर बसल्याचा आवाज, त्यानंतर दोन पावलं मागं यायचं असतं, मी दहा आलो. आत शिरलो तर ती म्हणाली, “तळाला किती बोटं…” आणि तिनंच तोंडावर हात ठेवला. “नको. सांगू नकोस. हो की नाही तेवढं सांग.”

“नाही, दोन्या.”

“बरं.”

त्या दिवशी दुपारी बटाटे, संध्याकाळी बटाटे. मी म्हणालो, “दोन्या, घरात भाजलेलं पीठ आहे, सुकं मांस आहे.” ती म्हणाली, “हे कोण खाणार मग?” सोललेल्या बटाट्यांच्या तीन घागरी भरल्या होत्या. बूट दाराशी तसेच, टाचा जुळवून.

तिसऱ्या दिवसाचं सांगायला मला अजूनही जड जातं, आणि मी हे किमान शंभर वेळा सांगितलं असेल.

रात्री कडक थंडी पडली होती. आकाश पुसून काढल्यासारखं. खड्ड्यात वरचा थर सुरीचा, मधला एका बोटाचा, तळाशी ती साखर होतीच, पण कालच्यापेक्षा जरा धरलेली. मी थापट्या मारल्या. दहा. पंधरा. वीस झाल्या तरी खांब उभा. तेविसाव्या थापटीला तळाच्या साखरेवरून घसरला. तेवीस. पंधराला टिकलेल्या खांबावर तिनं मला पाठवलेलं होतं, आणि वीसवर अडवलेलंही होतं. कशावर ठरवायची ते तिनं मला शब्दात कधी सांगितलं नव्हतं.

मी मागं घराकडं पाहिलं. खिडकीत तिची पाठ दिसत होती. हात हलत होता, सोलत होता. मानेवरची वेणी पांढरी झालेली, ती मी तोवर कधी नीट पाहिलीच नव्हती. माझ्या मनात आलं, हो म्हणावं. आत जावं, हो म्हणावं, आणि तिनं उठावं. ते इतक्या जोरानं आलं की मी हो म्हणायचे शब्दच जुळवायला लागलो. आणि मग ध्यानात आलं, आता मलाही जायचं होतं. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. पण जायचं होतं. मी बर्फ पाहत नव्हतो, मी ती वेणी पाहत होतो. माझ्या जागी खणायला तिसरं कुणी त्या डोंगरात नव्हतं.

मी बराच वेळ खड्ड्यात उभा राहिलो. मग आत गेलो आणि म्हणालो, “नाही.”

तिनं पहिल्यांदाच वळून माझ्याकडं पाहिलं. तिला विचारायचं होतं, ते डोळ्यांत अगदी वर आलं होतं. विचारलं नाही.

“बरं,” ती म्हणाली.

दिवसभर ऊन होतं. दिवसभर मी ला मुदाकडं बघत बसलो. तिनं सुटावं, कोसळावं, असं मी मनापासून मागत होतो, खोटं कशाला बोलू. निदान एक चीर तरी. ती तशीच राहिली, गुळगुळीत, वर एक कोंडोर, आमच्याकडचं थोरलं गिधाड, फिरत होता आणि त्याची सावली तिच्यावरून आरामात आरपार जात होती.

दिवेलागणीला टेलिफोन वाजला. मी घेतला.

“गेली,” उर्बानो म्हणाला. “आत्ता, ऊन खाली गेलं तेव्हा.”

तिनं ते बसल्या जागेवरून ऐकलं. हातातला बटाटा अर्धा सोललेला होता, तो तिनं पुरा केला, पाण्यात टाकला, सुरी पुसली आणि जागेवर ठेवली. मग खुर्ची उचलून खिडकीकडं तोंड करून मांडली.

“आता मला घाई नाही,” ती म्हणाली. “उद्या मी खणीन.”

चौथ्या दिवशी तिनं खणलं. मी बाजूला उभा. तिनं वरून खालपर्यंत हात लावला, साखर मुठीत घेऊन बघितली, थापट्या मोजल्या. चोवीस. फावडं झटकलं आणि म्हणाली, “जाता येईल.”

मी विचारलं, “दोन्या, काल जाता आलं असतं?”

“काल मी नव्हते खणायला.”

आमच्याकडं घळ ओलांडताना कमरेला बारा वारांचा तांबडा लोकरीचा धागा बांधतात. माणूस गाडला गेला तरी धागा वर तरंगतो, म्हणून. ती पुढं निघाली, कारण एका वेळी एकानंच जायचं. मी अलीकडं उभा राहून बघत राहिलो. पांढऱ्यावर एक काळं माणूस आणि मागं सरपटणारा तो तांबडा धागा, चारशे पावलं. काही झालं नाही. मग मी गेलो. तेव्हाही काही झालं नाही. पलीकडं पोचल्यावर आम्ही धागे गुंडाळले आणि ती म्हणाली, “चल.”

अमेलिंदाला त्याच दुपारी पुरलं. खाणीतले सगळे आले होते आणि सगळे झुनिल्दापासून थोडे लांब उभे होते. मग उर्बानो तिच्याजवळ आला. मी पाठीमागंच होतो.

“रोज सकाळी विचारायची, बर्फ काय म्हणतं,” उर्बानो म्हणाला. “पहिल्या दिवशी मी सांगितलं, नाही म्हणतात. ती भिंतीकडं तोंड करून पडली. म्हणाली, झुनिल्दा नाहीच म्हणणार. मी म्हणालो, झुनिल्दानं नाही, निकानोरनं सांगितलं. तर उठून बसायला लागली. म्हणाली, निकानोर खणतोय? मग ती आत बसून बटाटे सोलतेय. तिला यायचंय.”

उर्बानोनं कबरीवरचा एक धोंडा नीट बसवला.

“मग तिन्ही दिवस तेच. मी नाही सांगायचो, आणि ती विचारायची, कुणी खणलं? मी म्हणायचो, निकानोरनं. की मग पडून राहायची, शांत. काल दुपारी म्हणाली, एव्हाना एक पोतं झालं असेल तिचं.”

“सव्वा पोतं,” झुनिल्दा म्हणाली.

आम्ही दोन दिवसांनी परत आलो. तेव्हाही ला मुदा निजलेली. त्या हिवाळ्यात ती सुटलीच नाही. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. मी टपाल घेऊन यायचो-जायचो आणि प्रत्येक वेळी आधी तिच्याकडं बघायचो. कधी पडली असती तर मला म्हणता आलं असतं, बघा, होतं तिच्या पोटात. रात्री अंथरुणात मी ते तेवीस परत मोजायचो.

नोव्हेंबरात वाट उघडली आणि माझं काम त्या बाजूनं संपलं. शेवटच्या फेरीला मी तिच्या घरी थांबलो. दुपारी तिनं माते, आमचा नळीनं प्यायचा कडू पाल्याचा चहा, केला, दोन खुर्च्या बाहेर मांडल्या, घळीकडं तोंड करून. बर्फ जागच्या जागी वितळत होतं. खालून पाण्याच्या बारीक बारीक वाटा निघाल्या होत्या, मधे काळे धोंडे उघडे पडले होते. तिसऱ्या दिवशीचा माझा खड्डा एक खळगा होऊन अजून दिसत होता. आम्ही बसलो. नळी तिच्याकडून माझ्याकडं, माझ्याकडून तिच्याकडं. तासभर हेच. जे आपण अडवलं ते असं डोळ्यांदेखत पाणी होऊन जातं आणि त्यानं काहीच सांगितलेलं नसतं, हे तिनं तेवीस वर्षं एकटीनं बसून पाहिलं होतं, याच जागी, एका खुर्चीवर.

“दोन्या,” मी म्हणालो, “मला अजून कळत नाही.”

“कळणार नाही,” ती म्हणाली. “मला आईच्या वेळचं अजून कळलं नाही.” तिनं किटलीतलं गरम पाणी मातेच्या पेल्यात ओतलं आणि माझ्याकडं सरकवलं. “पुढच्या हिवाळ्यात टपाल दुसऱ्या कुणाला देतात का बघ. त्या मुलीलाही विचार. इथं एक खोली रिकामी आहे, आणि खणायला दुसरं माणूस लागतं. मला कधी कुठं जावंसं वाटलं तर.”

मी ‘बघतो’ म्हणालो. मग उठून ती दुसरी खुर्ची आत कुठं ठेवायची असते ते विचारलं. ती म्हणाली, “राहू दे तिथंच.”